एकाच माणसाची जात... म्हणजे वंश, १९३० ला एक आणि १९४० ला दुसराच?

सॅन_अँटोनियोची_सून:
नवरा टेक्सासचा, सासर पाच पिढ्या सॅन अँटोनियोत (हे सासूबाईंचं म्हणणं). लेकीला शाळेत वंशावळ काढून न्यायची होती म्हणून मी फॅमिलीसर्चवर (वंशावळी शोधायची वेबसाइट) बसले, आता तीन आठवडे झाले, शाळेचं काम कधीच देऊन झालं पण मीच सुटत नाहीये त्यातून. तर झालं असं की आजेसासरे १९३० च्या जनगणनेत सापडले, वंशाच्या रकान्यात "मेक्स" लिहिलंय. १९४० ला तीच गल्ली, तेच घर, तीच बायको, पोरं दोन वाढलेली, आणि रकान्यात "डब्ल्यू", म्हणजे गोरे. मागे जाऊन १९२० बघितलं तर तिथेही "डब्ल्यू"च. मधल्या दहा वर्षांपुरता माणूस मेक्सिकन झाला आणि परत गोरा झाला की काय?? सासूबाईंना दाखवलं तर त्या तडकल्याच, "आम्ही स्पॅनिश, लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं." खरं कुठलं धरू? आणि १९१० ला तर अख्खं कुटुंबच गायब आहे.

जुनी_कागदं:
लिहिणाऱ्याची चूक नाही, त्याला सांगितलंच तसं होतं. १९३० ही एकच जनगणना जिच्यात "मेक्सिकन" हा वेगळा वंश म्हणून होता. नियम असा की स्वतःचा किंवा आईबापांचा जन्म मेक्सिकोतला, आणि माणूस गोरा, काळा, इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूलनिवासी), चिनी, जपानी यातला नक्की कुठलाच नाही असं दिसलं की "मेक्स" लिहायचं. आता हे दिसायचं कुणाला, तर कागद घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाप्याला! त्याने बघितलं, ठरवलं, पुढच्या घरी गेला. १४ लाखांवर लोक असे नोंदले गेले. मग मेक्सिकन-अमेरिकन लोकांनी आणि मेक्सिकोच्या सरकारनेही विरोध केला, कारण तेव्हा नागरिकत्वाच्या कायद्यात गोरं असण्या-नसण्यावर बरंच अडायचं, कागदावरचं ते एक अक्षर साधं नव्हतं. १९४० ला नियम उलटा केला, नक्की इंडियन किंवा दुसऱ्या गोरेतर वंशाचा नसेल तर मेक्सिकन माणूस गोरा लिहायचा. आजेसासरे होते तिथेच होते, रकाना हलला.

त्यामुळे त्या रकान्यावर डोकं फोडू नका, त्याच ओळीत उजवीकडे जा. १९३० ला प्रत्येकाचा स्वतःचा, वडिलांचा आणि आईचा जन्म कुठला ते लिहिलंय. १९४० ला आईबापांची जन्मस्थळं पानावरच्या दोनच ओळींना विचारलीत, तुमची ओळ त्यात आली तर नशीब. आणि १९४० च्या पानावर एखाद्या नावापुढे गोलातली फुली दिसते का बघा, माहिती कुणी दिली त्याची ती खूण आहे.

पानं_उलटणारा:
१९१० चं मी सांगतो. आडनाव हिमेनेस वगैरे आहे का? कारण ते जे, जी, एक्स तिन्हीने लिहितात, आणि इंग्रजी ऐकणारा माणूस सरळ एच लावून मोकळा होतो. जुन्या साउंडेक्स यादीत (आडनावाचं पहिलं अक्षर आणि पुढे उच्चारावरून आकडे, अशी लावलेली कार्डं) तर पहिलं अक्षर बदललं की कार्ड दुसऱ्याच खणात जातं, बाकी आकडे सेम असले तरी. शिवाय स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावं, आधी बापाचं मग आईचं, लिहिणारा शेवटचं उचलतो आणि घराणंच बदलतं. आडनाव सोडून द्या, फक्त काउंटी (म्हणजे जिल्हा), बापाचं पहिलं नाव आणि पोरांची वयं टाकून शोधा, वयात दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा.

सॅन_अँटोनियोची_सून:
हिमेनेसच आहे हो!! कसं ओळखलंत. रात्री बसते.

मेसावरचा_मराठी:
मी न्यू मेक्सिकोत राहतो, इथे हा "आम्ही स्पॅनिश" वाद घरोघरी आहे, सासूबाईंना एकदम खोट्यात काढू नका. सॅन अँटोनियोत १७३१ ला स्पेनच्या कॅनरी बेटांवरून आलेली कुटुंबं वसली होती, त्यामुळे धागा असूही शकतो. पण एक गंमत सांगतो. १७९० च्या इथल्या पाद्रोनमध्ये, म्हणजे स्पेनच्या राज्यातल्या जनगणनेत, माणसापुढे एस्पान्योल (स्पॅनिश), किंवा मेस्तिसो, कोयोते, हेनिसारो असे मिश्र नाहीतर मूलनिवासी वंशाचे शब्द लिहिलेले असतात. तिथलं एस्पान्योल म्हणजे स्पेनहून आलेला असं नाही, तो दर्जा आहे, दहा पिढ्या इथेच जन्मलेलाही एस्पान्योल. नातवंडांपर्यंत येता येता त्याचं "आम्ही स्पेनचे" होतं.

मूळ मेक्सिकोतलं निघालं तर नुसत्या "मेक्सिको" या शब्दावर काहीच होत नाही, गाव पाहिजे. ते बॉर्डर क्रॉसिंगच्या, म्हणजे सीमा ओलांडताना केलेल्या नोंदींच्या कार्डांवर मिळतं बऱ्याचदा, एल पासो, लारेडो वगैरे टेक्सासच्या सीमेवरच्या गावांतल्या. गाव मिळालं की चर्चची बाप्तिस्म्याची वही, की मग सगळं घराणं उलगडतं.

पानं_उलटणारा:
एक राहिलंच, १९५० ची जनगणना पण बघा, २०२२ पासून खुली आहे (७२ वर्षं बंद ठेवतात, म्हणजे १९६० थेट २०३२ ला). १९५० ला टेक्सास धरून पाच राज्यांत नुसतं आडनाव स्पॅनिश आहे का यावरून मोजणी केली. म्हणजे ताई तुम्ही तेव्हा असता आणि नवऱ्याचं आडनाव लावलं असतं तर तुम्हीही त्यात 😄 मूळ स्पॅनिश आहे का हा थेट प्रश्न १९७० ला, तोही थोड्याच घरांना, सगळ्यांना १९८० पासून.

सॅन_अँटोनियोची_सून:
१९१० ला सापडले!!! एच ने लिहिलंय, आणि यादीत चढवणाऱ्याने त्याचंही काहीतरी भलतंच वाचलंय, तुम्ही सांगितलं तसं पोरांच्या वयांवरून मिळाले. लेकीचे खापरपणजोबा, म्हणजे आजेसासऱ्यांचे वडील, मेक्सिकोत जन्मलेले, अमेरिकेत आल्याचं वर्ष १८९६. पण खापरपणजी टेक्सासची, तिचे आईबाप दोघंही टेक्सासचे, म्हणजे पाच पिढ्या खरंच आहेत, फक्त तिच्या बाजूने, जिचं आडनाव कुणालाच माहीत नाही. तिच्या नावापुढे दोन आकडे आहेत, ९ आणि ५. आधी कळेना, मग वरचं शीर्षक मोठं करून वाचलं, किती मुलं झाली आणि किती हयात. घरात या चार मुलांबद्दल कुणी कधी बोललेलं नाही. नवरा बराच वेळ गप्प होता.

सासूबाईंना पण बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, मेक्सिको या शब्दावरून नजर सरळ पुढे नेली आणि बोलतात कुठली भाषा त्या रकान्यावर बोट ठेवलं. "बघ, स्पॅनिश लिहिलंय."

मी काही बोलले नाही. आता बॉर्डरची कार्डं शोधतेय, लारेडोपासून सुरू करू ना?