ख्रिसमसची रोस्ट टर्की उरली आहे, घरच्यांना आवडेल असं काय करता येईल?

वांद्रे_पूर्व
मंडळी, ४ किलोची टर्की होती, परवा रात्री रोस्ट केली. हाडांवरून काढलेलं मांस सव्वा किलोच्या आसपास उरलंय, निम्मं छातीचं, निम्मं मांडीचं. सांगाडा अख्खा आहे. सगळं त्याच रात्री फ्रिजमध्ये गेलंय. काल थोडं मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर छातीचा भाग अगदी भुसा झाला, आणि एक शिळट वासही येतोय. घरात आम्ही पाच जण, त्यात दोन लहान मुलं. सँडविच सोडून काहीही सांगा. कुकरला दोन शिट्ट्या दिल्या तर मऊ होईल का?

मालवणी_दादर
कुकरचं डोक्यातून काढून टाका! कच्च्या मटणाचं गणित इथे लागू नाही. मांस एकदा शिजलेलं आहे, छातीत चरबी जवळजवळ नाहीच. पुन्हा जोरात शिजवलं की धागे आणखी आवळतात आणि उरलंसुरलं पाणीही बाहेर पडतं. म्हणून नियम एकच: रस्सा आधी पूर्ण तयार करायचा, मांस शेवटी.

कुकर हाडांसाठी वापरा. सांगाडा मोडून ५ लिटरच्या कुकरात बसवा, एक कांदा, ८-१० मिरी, तमालपत्र घाला, पाणी दोन तृतीयांशाच्या वर नको. एक शिट्टी झाली की मंद आचेवर ४० मिनिटं. मीठ अजिबात नाही, टर्की आधी मिठाच्या पाण्यात मुरवली असेल तर हाडांतूनही मीठ उतरतं. पोटात लिंबू भरलं असेल तर ते आधी काढून टाका, नाहीतर साल उकळून स्टॉक कडू होतो. गाळून पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा आणि फ्रिजमध्ये ढकला. सकाळी वर चरबीचा थर गोठलेला मिळेल. तो फेकू नका, कांदा त्यातच परता.

५०० ग्रॅम मांडीच्या मांसाला रस्सा: एक मोठा कांदा आणि पाऊण वाटी सुकं खोबरं वेगवेगळं भाजून, ६-७ लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं घालून गंधासारखं वाटा. ३ चमचे चरबी किंवा तेलात बारीक चिरलेला कांदा लाल करा, २ मोठे चमचे मालवणी मसाला, मग वाटण. कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं, इथे घाई केली तर रस्सा कच्चट लागतो. ४ वाट्या गरम स्टॉक घालून १०-१२ मिनिटं उकळा. तवंग आला की मांसाचे मोठे तुकडे सोडा, एक उकळी येऊ द्या आणि मंद आचेवर ५ मिनिटं ठेवा. मीठ अगदी शेवटी, चव बघून. मुलांसाठी अर्धा चमचाच मसाला घालून एक वाटी वेगळी काढा, वर थोडं नारळाचं दूध.

पाटावरवंटा
वासाबद्दल. मांस खराब झालंय असं नाही. शिजलेल्या मांसातल्या चरबीला हवा लागली की तो वास धरतो, आणि कोंबडीपेक्षा टर्कीत जास्त, कारण तिची चरबी लवकर बिघडते. नुसतं गरम केलं की तो वर येतो. लवंग, मिरी, लसूण यांच्यापुढे तो फारसा टिकत नाही, म्हणून मसालेदार पदार्थच करा. उरलेलं मांस थोड्या स्टॉकमध्ये बुडवून ठेवलंत तर हवाही लागत नाही आणि सुकतही नाही. मात्र चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर सरळ फेकून द्या.

फ्रिजमध्ये एकूण ३-४ दिवस, तेवढंच. आज-उद्या लागणार नाही ते आत्ताच २५०-२५० ग्रॅमच्या पिशव्या करून स्टॉकसकट फ्रीझरमध्ये टाका, २-३ महिने चव टिकते. मुंबईत डिसेंबरातही दुपारी ३०-३२ अंश असतात, त्यामुळे ओट्यावर ठेवून वितळवू नका, रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा. खाण्यापुरतंच गरम करा, पण नीट वाफाळेपर्यंत. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश.

वसईची_सुगरण
छातीचा भाग रश्शात वाया घालवू नका, त्याचे कटलेट करा, मुलं हमखास खातील. ४०० ग्रॅम मांस धाग्याला आडवं चिरून मिक्सरला फक्त २-३ झटके द्या. सलग फिरवलंत तर लगदा होतो आणि कटलेट रबरासारखे लागतात. २ मध्यम उकडलेले बटाटे, एक बारीक कांदा परतून, आलं-लसूण, कोथिंबीर, अर्धा चमचा मिरपूड, २ स्लाइस पावाचा चुरा. बटाटा पूर्ण गार झाल्यावरच कुस्करा, गरम बटाट्याची वाफ मिश्रणात मुरते आणि कटलेट तव्यावर फुटतात. थापून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग फेटलेलं अंडं, वरून रवा, मध्यम आचेवर शॅलो फ्राय.

मोठ्यांसाठी आमच्याकडच्या बॉटल मसाल्यात (ईस्ट इंडियन घरांतला, बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला) सुकं करा. दोन कांदे लाल, दीड चमचा मसाला, अर्धी वाटी स्टॉक, आटत आल्यावर मांडीचे तुकडे आणि चमचाभर व्हिनेगर. बरोबर फुगे (आमच्याकडचे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव) असतील तर काही बघायलाच नको.

वांद्रे_पूर्व
सगळ्यांचे आभार. सांगाडा आत्ताच कुकरात चढवतो. रविवारी पाहुणे आहेत, तेव्हा फ्रीझरमधल्या मांसाची बिर्याणी होईल का?

मालवणी_दादर
होईल, पण मजा येणार नाही. बिर्याणीत कच्चं मुरवलेलं मांस आपला रस तांदळाला देतं, शिजलेल्याकडे द्यायला काही शिल्लक नसतं. त्यापेक्षा स्टॉकमधला पुलाव करा. २ वाट्या बासमती अर्धा तास भिजवून निथळा, तुपावर खडा मसाला आणि कांद्यासोबत परता, सव्वातीन वाट्या उकळता स्टॉक. वितळलेलं ३०० ग्रॅम मांस दुसऱ्या कढईत तूप, लसूण, मिरपूड घालून नीट गरम करून घ्या. तांदळावरचं पाणी दिसेनासं झालं की ते वर पसरा, झाकण, तव्यावर १० मिनिटं दम. आधीपासून तांदळात घातलंत तर ढवळताना तुकड्यांचा चुरा होतो.

वसईची_सुगरण
आणि काजू तळून वरून घाला, आत नको. स्टॉकमध्ये मऊ पडतात.