गरम बॉयलरमध्ये थंड पाणी: नुसतं प्रेशर पडत नाही
'थंड पाणी गेलं तर प्रेशर थोडं उतरतं, बाकी काही नाही' असं बरेच जण म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. 10 बार प्रेशरला बॉयलरमधलं पाणी साधारण 184 अंशांवर असतं. त्यात 30 अंशांचं फीडवॉटर (बॉयलरमध्ये भरायचं पाणी) सोडलं की ते जिथे लागतं तेवढंच पोलाद आकसतं, भोवतालचं नाही. (मीटरभर पोलाद 100 अंशांनी निवलं तर सुमारे 1.2 मिमी आखडतं!) ही ओढाताण बहुधा ट्यूबशीटवर (नळ्यांची टोकं ज्या भोकं पाडलेल्या जाड पत्र्यात बसवतात त्यावर) निघते: रोल केलेली, म्हणजे भोकात फुगवून घट्ट बसवलेली, नळ्यांची टोकं सैल होऊन गळतात, पुढे दोन भोकांमधल्या पट्टीला तडा जातो. नुसतं पुन्हा रोल करून भागत नाही. फीड टाकी 80-85 अंशांवर ठेवा, थंड बॉयलर लो फायरवरच (बर्नरच्या मंद आचेवर) तापवा. गेज ग्लासमध्ये (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत) पाणी दिसेनासं झालं तर आधी बर्नर बंद. बॉयलर आपसूक निवेपर्यंत पाणी सोडायचंच नाही.