विषय: ऑक्टोबरातला स्टँडअप – जेवणासह की जेवणाशिवाय?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी, नमस्कार.

गणपती आणि दिवाळीच्या मध्ये आपल्या लंडनच्या मराठी मंडळात एखादा हलकाफुलका कार्यक्रम करा, अशी मागणी बरेच दिवस आहे. पुण्याचा एक तरुण मराठी स्टँडअप कलाकार, म्हणजे माइकसमोर एकट्याने उभं राहून विनोदी बोलणारा, ऑक्टोबरात इंग्लंडच्या दौऱ्यावर येतोय. बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरचे प्रयोग ठरलेत, मधला शनिवार मोकळा आहे आणि त्याच्या आयोजकांनी आपल्याला विचारलंय. समितीने कच्चा आराखडा केलाय तो असा: नेहमीचा शाळेचा हॉल, साडेपाचला चहा-वडा, सहाला कार्यक्रम, मध्यंतरात जेवण, मग उरलेला भाग. मुलांना प्रवेश मोफत. राजकारण, धर्म, जात आणि शिव्या नकोत, हे कलाकाराला आधीच लेखी कळवायचं, कारण आपले कार्यक्रम कौटुंबिक असतात.

करार झाला की नाव जाहीर करू. सूचना याच धाग्यात, रविवारपर्यंत.

प्रेषक: एक सभासद, हॅरो

समितीचे मनापासून आभार. मराठी स्टँडअप आपल्याकडे यावं असं मला फार दिवस वाटत होतं. पण आराखडा असाच राहिला तर कार्यक्रम पडेल आणि खापर त्या मुलाच्या डोक्यावर फुटेल. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागा. ऑक्टोबर 2023 मध्ये झाकीर खानचा कार्यक्रम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्याला मी गेले होते. 1871 साली उघडलेल्या त्या वास्तूत एका आशियाई विनोदकाराने हिंदीत कार्यक्रम करण्याची ती पहिलीच वेळ. इंदूरच्या सारंगियांच्या घरातला मुलगा पाच हजारांवर माणसं मावतील अशा गोल दालनात एकटा उभा राहतो आणि घरगुती हिंदीत गोष्टी सांगतो, हे पाहताना ऊर भरून आला. मी पार वर बसले होते. हशा आधी खाली रिंगणात उठायचा आणि मग मजल्यामजल्याने आमच्यापर्यंत यायचा. पुढचं वाक्य तो त्या हिशोबाने सोडत होता. ते जमायला तेवढा मुरलेला माणूस लागतो आणि कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणारी ध्वनियंत्रणा लागते.

आपल्या शाळेच्या हॉलचं छत उंच, आवाज घुमतो, सगळे दिवे एकाच बटणावर. गाण्याला आणि लेझीमला तो चालतो. स्टँडअपला अंधार लागतो, बुटकं छत लागतं आणि माणसं एकमेकांना खेटून बसलेली लागतात. 1979 मध्ये सोहोत सुरू झालेला कॉमेडी स्टोअर हा विनोदाचा क्लब आज लेस्टर स्क्वेअरजवळच्या तळघरात आहे. सोहो थिएटरची विनोदाची खोलीही तळघरातच, आणि मुंबईहून आलेल्या कितीतरी जणांना आपण लंडनकरांनी तिथेच पहिल्यांदा ऐकलंय. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने लोक कधी हसतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या. एकट्याने असताना माणूस जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो, असं त्याला दिसलं. तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये एकशेवीस माणसं विखरून बसली, की ज्याला त्याला आपण एकटेच हसतोय असं वाटतं आणि तोंडं मिटतात. त्यामुळे दीडशेचं छोटं थिएटर घ्या आणि पहिली रांग आधी भरा. आपल्याकडे पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवायची पद्धत आहे. या एका कार्यक्रमापुरती ती सोडू या.

आता जेवण. तासाभराचा स्टँडअप सलग बांधलेला असतो. पाचव्या मिनिटाला सहज बोलून गेलेली गोष्ट पन्नासाव्या मिनिटाला परत येते आणि सगळ्यात मोठा हशा तिथे असतो. मध्ये पुलाव आणि गुलाबजाम आले, की पाचवं मिनिट कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय स्वयंपाकघराची खिडकी हॉलमध्येच उघडते. ताटांच्या आवाजावर मात करत बोलायला आपण त्याला पुण्याहून बोलावतोय का? जेवण ठेवायचंच तर कार्यक्रम पूर्ण संपल्यावर ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं, मोबाइल. हा तास त्या मुलाने वर्षभर छोट्या खोल्यांत दहा-वीस माणसांसमोर घासून घासून तयार केलेला असतो. तोच तास गावोगाव फिरतो आणि दौरा संपला की त्याचं चित्रीकरण होऊन तो सगळ्यांसाठी खुला होतो. त्यानंतर त्याला नव्याने शून्यापासून सुरुवात करावी लागते. मधल्या काळात कुणी दोन मिनिटांची क्लिप व्हॉट्सॲपवर टाकली, तर पुढच्या गावातले लोक शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकायला येतात. कौतुकाने टाकलेली क्लिपसुद्धा त्याच्या पोटावर येते. लंडनच्या काही कार्यक्रमांत दारातच फोन कुलूपबंद पाकिटात घालून देतात. आपण निदान साधे लिफाफे तरी ठेवू.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, वेम्बली

तुझा मेल दोनदा वाचला. फोनबद्दलचं शंभर टक्के मान्य. जागेबद्दल तू म्हणतेस तसंच असणार, तुझा अनुभव आहे. पण कुटुंबाचा मुद्दा तू बाजूला ठेवलास.

लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याने करायचे. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस रंगमंचावर बावन्न पात्रं उभी करायचा आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आजीपासून नातीपर्यंत सगळं घर एका रांगेत बसून हसायचं आणि कुणाला कुणाकडे पाहून मान खाली घालावी लागत नव्हती. त्याआधी पु.लं.नी 'बटाट्याची चाळ' एकट्याने जिवंत केलेली. आपल्या भाषेला ही सवय जुनी आहे. मग आजचा विनोद शिवीशिवाय का होत नाही? आणि होत असेल तर तशी अट घालण्यात काय बिघडलं?

आणखी एक. दरवर्षी आपल्यापैकी अनेकांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. दिवसभर घरात दोघंच. मंडळाचा कार्यक्रम हेच त्यांचं बाहेर पडणं. त्यांना 'हे तुमच्यासाठी नाही' असं सांगायला माझं मन तयार नाही.

प्रेषक: एक सभासद, स्लाव

मी इथेच वाढले. मला जायचंय, आणि आईबाबांबरोबरच जायचंय. 2023 च्या ऑगस्टमध्ये एडिंबराच्या फ्रिंज कला महोत्सवाला होते. त्या वर्षी तिथला मुख्य विनोद पुरस्कार अहिर शाहला मिळाला, लंडनच्या गुजराती घरातला. त्याचा तास आजोबांबद्दल होता, भारतातून इथे येऊन त्यांनी काय सोसलं त्याबद्दल. नवोदितांचा पुरस्कार मुंबईच्या उरूज अश्फाकला मिळाला. दोघंही इंग्रजीत बोलतात. ते ऐकताना सारखं वाटत होतं, हे माझ्या घरच्या भाषेत कधी ऐकायला मिळेल? मंडळात मी जे मराठी ऐकते ते बहुतेक सूत्रसंचालनाचं किंवा नाटकातलं. माझ्या वयाचं माणूस मराठीत नोकरीबद्दल, लग्नाबद्दल, एकटं राहण्याबद्दल बोलताना मला ऐकायचंय. अटींची यादी फार लांबली तर तेवढंच नेमकं गळून जाईल अशी भीती वाटते.

प्रेषक: खजिनदार

थोडं हिशोबाचं. परदेशी कलाकार सशुल्क कार्यक्रमासाठी पाहुण्यांच्या व्हिसावर येऊ शकतो, पण ते आधीपासून ठरलेलं असावं लागतं, अर्जात सांगावं लागतं आणि देशात आल्यापासून 30 दिवसांच्या आत व्हावं लागतं. निमंत्रण इथल्या कलाक्षेत्रातल्या संस्थेचं किंवा एजंटचं लागतं. ते दौऱ्याच्या आयोजकांनी घेतलेलं आहे, पण आपली तारीख त्यात बसते का हे मी त्यांना लेखी विचारलंय.

दुसरं, अनिवासी कलाकाराला मानधन देताना 20 टक्के कर कापून महसूल खात्याकडे भरायची जबाबदारी पैसे देणाऱ्याची असते. वर्षभरातली एकूण रक्कम 12,570 पौंडांच्या आत असेल तर कपात नाही, पण त्यात तिकीट-हॉटेलचा खर्चही धरतात. ही बाजू आयोजक सांभाळणार आहेत असं करारात स्पष्ट हवं.

जेवण काढलं तर तिकीट बरंच खाली येतं. दीडशेच्या थिएटरचं भाडं शाळेपेक्षा जास्त आहे, तरी दोन्हींचा मेळ बसतो.

प्रेषक: एक सभासद, हॅरो

काका, तुमच्या मेलवर कालपासून विचार करते आहे. आजीआजोबांना 'येऊ नका' असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी आई यायची तेव्हा तिला मी अशा कार्यक्रमांना नेलंय आणि ती माझ्यापेक्षा मोकळी हसायची. मला लहान मुलांची काळजी आहे. दहा वर्षांचं मूल अंधारात दीड तास बसून न कळणारं ऐकतं, चुळबुळ करतं, आणि मग आई त्याला घेऊन रंगमंचासमोरून बाहेर जाते. चौदा वर्षांखाली नको, एवढंच म्हणते.

शिव्यांबद्दलही मी तुमच्याजवळची आहे. शिवी हा सोपा हशा आहे आणि चांगल्या कलाकाराला ते ठाऊक असतं. 'प्रेक्षकांत साठ-सत्तरीची मंडळी असतील' एवढं सांगितलं तरी तो आपणहून भाषा सांभाळेल. प्रेक्षक पाहून तास थोडा वळवणं हे त्याचं रोजचंच काम आहे.

माझा विरोध आहे तो राजकारण-धर्म-जातीच्या लेखी अटीला, आणि त्याचं कारण तुमच्याच उदाहरणात आहे. देशपांड्यांच्या एकपात्रीत बोलणारं पात्र असतं. बबन्या काही बोलला तर ते बबन्या बोलला, देशपांडे नव्हे. स्टँडअपमध्ये ती आड नसते. माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने, आजच्या दिवसाबद्दल बोलतो. आवडलं तर टाळ्या त्याला, आणि नाही आवडलं तर दगडही त्यालाच. 2021 च्या जानेवारीत मुनव्वर फारुकी या स्टँडअप कलाकाराला इंदूरच्या कार्यक्रमातून पकडून नेलं आणि तो महिनाभराहून जास्त तुरुंगात होता. मार्च 2025 मध्ये कुणाल कामराच्या एका विनोदावरून मुंबईत खारचा हॅबिटॅट हा स्टँडअपचा छोटा हॉल फोडला गेला. ती जागा कामराची नव्हती. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळ्या भाषांतली मुलं आपली पहिली पाच मिनिटं ज्या माइकवर बोलली, त्यातला तो एक माइक होता. तोडफोडीनंतर चालकांनी जागा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

असल्या हवेतून आपला पाहुणा येतोय. बोलण्याआधी दहा वेळा विचार करायची सवय त्याला तिथेच लागलेली असणार. इथे येऊन त्याच्या हातात पुन्हा मनाईची यादी द्यायची? कुणाला काही खटकलं तर ती व्यक्ती त्याला नंतर भेटून सांगेल, समितीला लिहील, पुढच्या वेळी येणार नाही. या तिन्ही गोष्टी करायला आपण मोकळे आहोत आणि त्या पुरेशा आहेत. आणि जातीवर बोलू नको म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. जातीवर हसत आणि चिडत बोलण्याची परंपरा आपल्या तमाशातल्या वगांत आहे, सत्यशोधकी जलशांत आहे, आंबेडकरी जलशांत आहे. शहाणी मराठी माणसं ते अंगणात, उघड्यावर, बायकापोरांसह ऐकत आली.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, वेम्बली

जलशांची आठवण दिलीस ते बरं केलंस. माझ्या लहानपणी आमच्या गावात जलसा व्हायचा, पण आमच्या आळीतल्या मुलांना तिकडे पाठवत नसत. तेव्हाही कारण हेच सांगायचे, की कौटुंबिक नाही. लेखी अट काढायला माझी हरकत नाही. वयाचंही मान्य. मात्र प्रेक्षकांत कोण असणार ते कलाकाराला फोन करून नीट सांगा, आणि तो फोन समितीतल्या वडीलधाऱ्याने करावा. आदराने सांगितलं की मुलं ऐकतात.

एक विनंती. रविवारी दुपारी तो मोकळा असेल तर ज्यांना रात्रीचं बाहेर पडणं झेपत नाही अशा मंडळींसाठी मंडळाच्या खोलीत तासभर गप्पा ठेवता येतील का? प्रयोग नको, त्याने नुसतं बसून बोलावं. त्याचं मानधन मी आणि माझे दोन मित्र देऊ.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

सर्वांचे आभार. काल बैठक झाली. ठरलं ते असं.

हॅरोतलं दीडशे आसनांचं थिएटर घेतोय. चहा-वडा सहाला बाहेरच्या दालनात, प्रयोग बरोबर सातला. दार सातला बंद होईल आणि उशिरा येणाऱ्यांना सुरुवातीच्या स्थानिक कलाकाराची दहा मिनिटं संपल्यावरच आत सोडलं जाईल. ती दहा मिनिटं मराठीत करायला इथलं कुणी तयार असेल तर कृपया कळवा, आयोजकांनी तशी जागा ठेवलीय. मध्यंतर नाही. जेवण नाही. वय चौदा आणि पुढे. आसनं पहिल्या रांगेपासून भरायची, राखीव काही नाही.

कलाकारावर विषयांची अट घातलेली नाही. प्रेक्षकांची कल्पना अध्यक्ष स्वतः त्याला फोनवर देतील. रविवारच्या गप्पांना त्याने आनंदाने होकार दिला आहे. मानधन घेणार नाही म्हणाला, पण खजिनदारांनी ते घ्यायला लावलं आहे. व्हिसाच्या अर्जात आपली तारीख आहे, तसं आयोजकांचं पत्र आलं. करही तेच भरणार आहेत.

लिफाफ्यांवर नावं घालून फोन जमा करायला आणि प्रयोगानंतर भराभर परत द्यायला सहा स्वयंसेवक हवेत. त्यांना प्रयोग आतून पाहता येईल, आसनं दाराजवळची असतील. स्लावच्या सभासद तरुणीने आपलं आणि दोन मैत्रिणींचं नाव दिलंय. उरलेली तीन नावं गुरुवारपर्यंत पाठवा.