डोमेन कंट्रोलरचा बॅकअप नेटवर्कपासून तोडलेल्या हार्डवेअरवर उभा करून बघायलाच हवा का?

सर्व्हररूम: बॅकअपचा अहवाल रोज हिरवा येतो आणि सगळे निर्धास्त असतात. माझं मत ठाम आहे: नेटवर्कपासून पूर्ण तोडलेल्या वेगळ्या यंत्रावर डीसी (डोमेन कंट्रोलर, म्हणजे विंडोज नेटवर्कमधली सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) रिस्टोअर करून, एका साध्या क्लायंटवरून लॉगिन होईपर्यंत तो बॅकअप आहे असं धरू नये. तुमचं काय म्हणणं?

तीन_डीसी: साफ असहमत. तीन डीसी तीन ठिकाणी ठेवा. एक गेला तर मेटाडेटा क्लीनअप करा (गेलेल्याच्या नोंदी काढा), नवा प्रमोट करा (नव्या सर्व्हरला डीसी बनवा), काम झालं. उलट चाचणीतच धोका जास्त. तिथे तुम्ही रोल (एकाच डीसीकडे असलेल्या खास जबाबदाऱ्या) सीझ करणार, म्हणजे जबरदस्तीने ताब्यात घेणार, बाकीचे डीसी काढून टाकणार. त्या यंत्राची केबल चुकून लाइव्ह नेटवर्कला लागली तर तेच बदल इकडे रेप्लिकेट होतील. हे कोण निस्तरणार?

सर्व्हररूम: यंत्र बिघडलं तर तुमचं बरोबर. पण कुणी अख्खं ओयू (खात्यांचा एक विभाग) उडवलं, तर ते डिलीटही तिन्हीकडे इमानदारीत पोचतं. २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे डीसी पुसले तेव्हा त्यांचीही भिस्त डीसींच्या आपसातल्या सिंकवरच होती. वीज गेल्यामुळे बंद असलेला घानातला एक डीसी तेवढा वाचला. केबलची भीती रास्त आहे, म्हणून तर वेगळा स्विच, ज्याला अपलिंकच (बाकी नेटवर्कला जोडणारी केबल) नाही. व्हीलॅनवर (एकाच स्विचवर फक्त सेटिंगने केलेल्या विभागणीवर) विसंबू नका.

हायपरव्हायझर: फिजिकलचा हट्ट मात्र कळला नाही. अपलिंक नसलेला व्हर्च्युअल स्विच घ्या, त्यात डीसी उठवा. सर्व्हर २०१२ पासून व्हीएम जनरेशन आयडी आहे (व्हर्च्युअल यंत्र मागे नेलं की डीसीला ते कळवणारी खूण), स्नॅपशॉटवरून यूएसएन रोलबॅकची, म्हणजे बदलांचे क्रमांक मागे जाऊन डीसींचं सिंक बिघडण्याची भीतीही गेली.

सर्व्हररूम: सरावाला उत्तम, पण तुमचा होस्ट आणि बॅकअप सर्व्हर डोमेनच्याच खात्याने उघडतात ना? डोमेन पडल्यावर त्यात शिरणार कसे? रिकाम्या यंत्रापासून सुरुवात केली की अशा गाठी उघड्या पडतात. वेगळ्या मेकच्या यंत्रावर बेअर मेटल रिस्टोअर (अख्खी सिस्टिम रिकाम्या यंत्रावर परत बसवणं) केलं की नेटवर्क कार्ड नवं, म्हणून स्टॅटिक आयपी गायब. डीएनएस सेटिंग बघावं तर ते अस्तित्वात नसलेल्या दुसऱ्या डीसीकडे बोट दाखवतं. रोलवाला डीसी पार्टनरशी पहिलं सिंक व्हायची वाट बघत बसतो. सिसव्हॉल (पॉलिसीच्या फायली ठेवणारं फोल्डर) ऑथोरिटेटिव्ह केलं नाही, म्हणजे हीच प्रत खरी असं ठरवलं नाही, तर ते शेअर होत नाही, ग्रुप पॉलिसी (सगळ्या यंत्रांना लागणारी सेटिंग) लागत नाही. आणि सगळ्यात आधी डीएसआरएमचा (डीसीच्या दुरुस्ती मोडचा) पासवर्ड! तो बहुतेक ठिकाणी डीसी प्रमोट करणाऱ्यालाच माहीत असतो, आणि तो माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

पॅचवाली: दोघांच्याही नजरेतून एक सुटलं. त्या डिस्कवर एनटीडीएस डॉट डिट ही डीसीची डेटाबेस फाइल आहे, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं). चाचणी संपली की डिस्क त्याच दिवशी पुसा. आणि आरआयडी पूल (नव्या खात्यांना द्यायच्या क्रमांकांचा साठा) एक लाखाने वाढवणं, केआरबीटीजीटीचा (लॉगिनच्या तिकिटांवर सही करणाऱ्या खात्याचा) पासवर्ड दोनदा बदलणं हेही सरावातच करून घ्या.

सर्व्हररूम: शंभर टक्के मान्य. डिस्क पुसल्याची नोंद चाचणीच्या अहवालात हवीच.

तीन_डीसी: बरं, ओयूचा मुद्दा पटला, पण त्याला रिसायकल बिन (डिलीट झालेली खाती परत आणायची सोय) आहे. अख्खं फॉरेस्ट (सगळी डोमेन मिळून होणारी रचना) उभं करायचा सराव वर्षातून एकदा पुरे.

सर्व्हररूम: रिसायकल बिन आधी चालू केलेला असेल तरच. आणि टूम्बस्टोन लाइफटाइम (डिलीट झालेल्या गोष्टीची खूण डीसी जपून ठेवतो तो काळ) डिफॉल्टने १८० दिवस असतो, त्याहून जुना बॅकअप रिस्टोअरला चालत नाही. वर्षातून एकदाच बघाल, तर बॅकअप मध्येच बिघडून सगळ्या चांगल्या प्रती बाद झालेल्या असू शकतात. सहामाही तरी कराच.