युगांडात चौथा दिवस: पाणी नको म्हणाले आणि आजी आठवली, काय करू?

नगरची_लेक
जय ख्रिस्त सगळ्यांना. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाबरोबर 12 दिवस युगांडाला आलेय, कंपालाच्या पूर्वेला मुकोनोजवळ एका गावात राहतोय. देशाबाहेर पहिल्यांदाच. एंटेबेला उतरल्यावर आधी दिसली ती लाल माती, एकदम कोकणच वाटलं, आणि जिकडं बघावं तिकडं केळी. फणससुद्धा आहेत, इथं फेने म्हणतात. मुलं मागं पळत "मुयिंडी! मुयिंडी!" ओरडतात, म्हणजे इंडियन. एका आजोबांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं तुमचं दुकान कुठलं, दुकान नाही म्हटलं तर ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

आता मेन गोष्ट. काल घरभेटींना गेलो होतो. एका घरी चटई टाकली, आम्ही बसलो, आणि दहाएक वर्षांची मुलगी आली, माझ्यासमोर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी प्लास्टिकचा मग पुढं केला. पाणी. मगाच्या कडेला दातांनी चावल्याच्या खुणा होत्या एवढं जवळून बघितलंय मी तो. आम्हाला निघतानाच सांगितलेलं की बाटलीशिवाय पाणी प्यायचं नाही, म्हणून मी हात जोडून नको म्हणाले आणि पिशवीतनं माझी बाटली काढली. कुणी काही बोललं नाही पण तिच्या आईचा चेहरा उतरला तो मला दिसला.

रात्रभर झोप नाही. कारण माझी आजी. नगर जिल्ह्यात आमचं घर गावकुसाबाहेर होतं, आमच्या माठातलं पाणी गावात कुणी पीत नव्हतं, आणि मिशनची मडमबाई आली तिनं स्वतः मागून तांब्याभर पाणी प्यायलं. आजी बाकी शिकवण नंतर सांगायची, आधी हे पाणी सांगायची, मरेपर्यंत. आणि मी तिचीच नात, इथं येऊन बाटली काढली. आजारी पडून टीमला त्रास द्यायचा नाहीये, पण परत असं करायचं नाहीये. कुणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

मिरजकर_सिस्टर
बाळ, रडू नकोस. मी नर्स आहे, कंपालात दोन वर्षं काढलीत. बाटलीचा नियम बरोबरच आहे, टायफॉइड घेऊन परत आलीस तर कुणाचंच भलं नाही. पण नको म्हणायच्या ऐवजी चहा माग. तिथं दुधाचा चहा आपल्यासारखाच खळखळून उकळतात, आफ्रिकन टी म्हणतात, तो बिनधास्त पी. भाजलेले शेंगदाणे देतील, मटोके देतील म्हणजे कच्ची केळी पानात बांधून वाफवलेली, ते गरम असतं तोवर खा. आणि पाण्याचा मग पुढं केला तर दोन्ही हातांनी घे, वेबाले न्यो म्हण, म्हणजे खूप आभार, आणि खाली ठेव. न घेणं वेगळं आणि घेऊन ठेवणं वेगळं, त्या बाईला फरक बरोबर कळतो.
वेळ मिळाला तर नामिरेंबेच्या टेकडीजवळचं मेंगो हॉस्पिटल बघ. ते 1897 चं, आपलं मिरजचं 1894 चं, दोन्ही मिशनच्या डॉक्टरांनी उभी केलेली. मी तिथं पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं होतं मला. आणि हो, यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड जपून ठेव, परतताना आपल्याकडच्या एअरपोर्टवर बघतात, नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवतात.

वसईचा_गडी
ताई दुकानाचं सांगतो. तिकडं भारतीय माणूस म्हणजे काउंटरच्या पलीकडचा, हे जुनं आहे. 1972 ला तिथल्या हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आधी पिढ्यानपिढ्या शेजारी राहून तिथल्या लोकांच्या चटईवर किती भारतीय बसले असतील? म्हणून ते आजोबा बघत राहिले असतील असं मला वाटतं. तुम्ही बसलात हीच मोठी गोष्ट आहे.
कंपालाजवळच्या नामुगोंगोला नक्की जा, 3 जून 1886 ला तिथं राजाच्या हुकमानं ख्रिस्ती तरुणांना जिवंत जाळलं, कॅथलिक आणि अँग्लिकन दोन्ही होते त्यात. आमच्या देवळातून ग्रुप गेला होता, आम्ही शिकवायला म्हणून गेलेलो आणि तिथं गप्प बसून राहिलो. ज्यांच्या पोरांनी विश्वासासाठी असा जीव दिलाय त्यांना आपण काय सांगणार.

पुणे_57
थोडं कडू बोलतो, राग नको. मुलांचे फोटो आईबापाला न विचारता टाकू नका, आणि शाळेची भिंत रंगवायला सांगितली तर गावातला रंगारी बोलवा, पैसे तुम्ही द्या. आमच्या टीमनं हे केलं नव्हतं, रंगारी दारात उभा राहून बघत होता, ते मला अजून टोचतं.

नगरची_लेक
सिस्टर, थँक्यू, खरंच. आज पाळकसाहेबांना सांगून मुद्दाम परत गेले त्या घरी. चहा मागितला. आईनं तीन दगडांच्या चुलीवर टोप ठेवला, पावसानं लाकडं ओली होती त्यामुळं अर्धा तास गेला, तेवढ्या वेळात मी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलल्या. भाषा कळत नव्हती, दुभाषी दादा बाहेर होते. चहा त्याच मगात आला, चावलेल्या कडेचा. दोन मग प्याले. मग दुभाषी दादांना बोलावून आजीची पाण्याची गोष्ट सांगितली, तर त्या बाईनं एकच विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय. मी सांगितलं, तिनं दोनदा म्हणून बघितलं.