लॉग एकत्र केले की क्ष ची अट कुठे जाते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नियम वापरून सगळ्याचा मिळून एकच लॉग करायचाय, उत्तर आलंय पण त्यातलं एक काही केल्या पटत नाहीये. गणित असं आहे:

२ लॉग क्ष − लॉग(बेस ४) (क्ष + ३) + ३

नुसतं लॉग लिहिलंय तिथे बेस २ समजा.

बेस वेगवेगळे असताना वजाबाकीचा भागाकार करता येत नाही, म्हणून आधी बेस सारखे केले. ४ हा २ चा वर्ग, त्यामुळे बेस ४ चा लॉग हा बेस २ च्या लॉगच्या निम्मा, आणि तो अर्धा घातांकात गेला की वर्गमूळ होतं. सुटा ३ म्हणजे लॉग ८. पुढे बेरजेचा गुणाकार, वजाबाकीचा भागाकार केला आणि हे आलं:

लॉग [ ८क्ष² / √(क्ष + ३) ]

क्ष = १ घालून ताळा पाहिला, वर ० − १ + ३ = २ आणि खाली लॉग ४ म्हणजे पण २. जुळतंय.

आता क्ष = −२ घाला. खाली ३२ भागिले १, म्हणजे लॉग ३२, व्यवस्थित ५ येतात. पण वरच्या गणितात लॉग (−२) आहे, तो तर वास्तव संख्यांमध्ये नसतोच! मग दोन्ही राशी समान आहेत असं म्हणायचं कसं?

माझ्या मते घोळ २ लॉग क्ष चं लॉग क्ष² करताना होतो, कारण वर्ग केला की ऋण चिन्ह गायब होतं आणि लॉगला काही कळतच नाही. मग उत्तरापुढे "क्ष > ० असताना" लिहायलाच हवं ना? बहुतेक सोडवलेल्या उदाहरणांत ही ओळ नसते, सुरुवातीलाच सगळी चलं धन धरलेली असतात म्हणून का?

आणि याच्याशीच जोडलेलं अजून एक. लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३ सोडवताना एकच लॉग केला की क्ष² − २क्ष = ८ येतं, उत्तरं ४ आणि −२, त्यातलं −२ टाकून द्यावं लागतं. हे जादाचं उत्तर पण एकत्र करण्याच्या पायरीलाच घुसतं का? इथे तर घातांकाचा नियम वापरलेलाच नाही, नुसता गुणाकाराचा आहे, म्हणून जास्त गोंधळ झालाय. कोणीतरी नीट पायरीपायरीने सांगा प्लीज.