शब्दचर्चा: वनवास, साडेसाती आणि वसा

प्रश्न

मी शाळेत समुपदेशक आहे. "गेलं वर्ष गोष्टीसारखं सांग" म्हटलं की गप्प मुलंही बोलायला लागतात. हाताशी साचा असतो तो पुराणकथांचे अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये मांडलेला: नायक घर सोडतो, कसोट्यांतून जातो, काहीतरी मिळवून परत येतो. मधल्या कठीण काळाला मी मराठीत 'वनवास' म्हणते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, वनवास कोणी दिला, ते पण सांगायचं का?" दुसरा कुठला शब्द जास्त योग्य ठरेल?

प्रतिसाद

ताई, मुलीने नेमकं बोट ठेवलंय. वनवास दुसरा देतो, आपण भोगतो. रामाला १४ वर्षं, पांडवांना १२ आणि वर १ अज्ञातवासाचं. मुदतही दुसऱ्यानेच ठरवलेली. म्हणून "वनवास संपला" म्हणतात, "मी वनवास संपवला" असं सहसा कानावर येत नाही. साडेसातीचं तेच. शनी तीन राशींत प्रत्येकी अडीच वर्षं काढतो म्हणून साडेसात. ती मागे लागते आणि सुटते. सत्त्वपरीक्षा थोडी वेगळी. पाहणारा कोणी दुसरा असला तरी ती द्यावी लागते आपल्यालाच.

हे शब्द टाकाऊ नाहीत. नोकरी गेलेला माणूस "साडेसाती चाललीय" म्हणतो, तेव्हा त्यात दोन आधार असतात: चूक माझीच आहे असं नाही, आणि याला शेवट आहे. पण माणूस वाढला कसा हे सांगायचं असेल, तर मी 'वसा' सुचवेन. वसा घेतात, वसतात, चालवतात, टाकतात. सगळ्या क्रियापदांचा कर्ता माणूसच.

प्रतिसाद

काका, वसा म्हणजे वारसाच ना? "समाजसेवेचा वसा आणि वारसा" असं भाषणांत जोडीनेच ऐकतो.

प्रतिसाद

जोडीने येतात, पण अर्थ एक नाही. वारसा जन्माने मिळतो, वसा म्हणजे व्रत, तो मागून घ्यावा लागतो, आणि व्रताच्या कहाणीत देणारा तो सहजासहजी देतही नाही. आदित्यराणूबाईच्या कहाणीत ब्राह्मण वसा मागतो, तर आधी बजावणी होते: उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. दूध उतू जातं ते लक्ष हटल्यामुळे. मातणं म्हणजे माज चढणं. म्हणजे धोका दारिद्र्यात नाही, भरभराटीत आहे. कॅम्बेलच्या साच्यात कसोटी बहुतेक फळाच्या आधी येते, इथे खरी कसोटी फळ मिळाल्यावर सुरू होते. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला हे जास्त लागू पडेल.

पुढचा भाग तर फारच खोल आहे. ब्राह्मणाची एक मुलगी राजाघरी, दुसरी प्रधानाघरी. बाप कहाणी सांगायला येतो तेव्हा राणीला ऐकायला वेळ नसतो, राजा पारधीला निघालेला असतो. बहीण मात्र ऐकते. राणीला दारिद्र्य येतं. ती एकेक मुलगा बहिणीकडे पाठवते. मावशी कधी कोहळा पोखरून त्यात होन-मोहरा भरून देते, कधी काठीत, कधी नारळात. वाटेत सगळं जातं. शेवटी राणी स्वतः जाते, वसा घेते, आणि परतताना मुक्कामामुक्कामावर भेटेल त्याला कहाणी सांगते: मोळीविक्याला, विहिरीला पाणी नसलेल्या माळ्याला, मुलं हरवलेल्या म्हातारीला. जिला ऐकायला वेळ नव्हता, तीच सांगणारी होते. वाढ म्हणतात ती हीच, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती

कहाणी सुंदर आहे, पण भीती वाटते. दारिद्र्य आलं कारण तिने ऐकलं नाही, असं ती सांगते. आजारी वडिलांचं करणाऱ्या मुलाला मी "तुझा वसा कुठे सुटला?" असं कसं विचारू?

प्रतिसाद

अजिबात विचारू नका. तिथे वनवासच म्हणा, त्याच्यावर ओढवलेलंच आहे ते. डॅन मॅकअ‍ॅडम्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लोकांच्या जीवनकथांत दोन वळणं पाहतात: वाइटातून चांगलं निघालं, किंवा चांगलं होतं ते नासलं. घटना तीच, पण सांगणारा ती कुठे थांबवतो यावर वळण ठरतं. कुठे थांबायचं आणि कुठला शब्द घ्यायचा, हे ज्याची गोष्ट त्यानेच ठरवावं. तुम्ही चारही शब्द फळ्यावर लिहा, शेजारी त्यांची क्रियापदं लिहा, आणि निवड मुलांवर सोडा. एकाच वर्षाला दोन शब्द लागले तरी चालतील: जानेवारीत साडेसाती, जूनमध्ये वसा.

प्रश्नकर्ती

आणि कहाणीच्या शेवटी म्हणतात त्या "साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं" यातलं 'उत्तर' म्हणजे प्रश्नाचं उत्तर का?

प्रतिसाद

नाही. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल, वचन. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगून संपवली, एवढाच अर्थ. मुलांना आधी साठ बोलू द्या, पाचाची घाई नको.